मुकादमाचा लांबलचक ‘थांब’

मुकादमाला मुकादम म्हणून कोणी नेमलेलं नव्हतं. त्याला पगार नव्हता, हाताखाली माणसं नव्हती, आणि ज्यांच्या कामावर तो देखरेख करायचा त्यांनी त्याला कधी बोलावलेलं नव्हतं. तरी सकाळी अंघोळ आणि नाश्ता उरकला की आई त्याची चाकांची खुर्ची गॅलरीत नेऊन लावायची आणि गल्लीचा कारभार सुरू व्हायचा. गॅलरी तळमजल्याचीच, पण रस्त्यापासून चांगली उंच. तिथून गल्लीचं हे टोक, ते टोक आणि मधल्या सगळ्या भानगडी स्वच्छ दिसायच्या. कचऱ्याचा डबा कोणी उघडा टाकला, कोणाचं शटर अर्ध्यावर अडकलं, समोरचे टेलरकाका कोणाच्या पँटला कोणाचा खिसा लावतायत, सगळीकडे त्याचं लक्ष. नुसतं लक्ष असतं तर लोकांनी सोडून दिलं असतं. पण मुकादम सूचनाही द्यायचा.

आता सूचना देणं हे तसं सोपं काम. कोणीही करतं, आणि न विचारता करतं. मुकादमाची अडचण निराळी होती. जन्मापासून त्याच्या मेंदूचं आणि स्नायूंचं कधी पटलंच नाही. मेंदू म्हणायचा उजवा हात वर, तर उजवा हात निघायचा बाजूला, आणि तिथे कोणी उभं असेल तर त्याचं नशीब. पाय कोणाचंच ऐकत नसत. बोलण्याचंही तेच. डोक्यात वाक्य झटक्यात तयार व्हायचं, अगदी टोमण्यासकट. पण तोंडातून येताना एकेक शब्द असा यायचा, जसं जिन्यावरून लोखंडी कपाट उतरवतात. थोडं पुढे, थोडं अडकून, मग पुन्हा थोडं पुढे.

त्यामुळे मुकादमाचं वाक्य शेवटपर्यंत ऐकलेला माणूस शोधूनही सापडला नसता. लोक वाईट नव्हते हो. उलट फार चांगले होते, आणि तीच पंचाईत होती. त्याने नुसतं “मला” म्हटलं की चांगली माणसं मदतीला धावायची. “पाणी हवंय का?” “उन्हातून आत घेऊ?” “पाठ दुखतेय?” मुकादम नाही म्हणायला मान हलवायला जायचा, मान आपल्या मर्जीने हो म्हणायची, आणि पुढ्यात पाण्याचा पेला यायचा. बिचारा पिऊन टाकायचा. दिवसभरात त्याचं पाणी फार व्हायचं.

या चांगल्या माणसांचा म्होरक्या म्हणजे मामा. आईचा थोरला भाऊ. राहायचा शेजारच्या इमारतीत, पण जेवायला, सल्ला द्यायला आणि रुसायला इथे. मामाच्या ओळखी दांडग्या, आणि भाच्याला कामाला लावायचं हे त्याने मनावर घेतलेलं. भाच्याला काय जमेल हा विचार तो करत नसे. कुठे जागा रिकामी आहे एवढं बघायचा आणि भाच्याला तिथे नेऊन बसवायचा.

आधी दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायला बसवलं. मुकादमाचं “हॅलो” पुरं होईपर्यंत दुखरा दात घेऊन पेशंट दुसऱ्या दवाखान्यात पोचलेला असायचा. मग रोपवाटिकेत झाडांना पाणी घालायला. हातात पाइप दिला, हात लागला आपल्या मर्जीने फिरायला. झाडं राहिली कोरडी आणि गिऱ्हाइकं निथळत घरी गेली. मग पाकिटं चिकटवायच्या कारखान्यात. तिथे मुकादमाने आधी पाकीट टेबलाला चिकटवलं, मग बाही पाकिटाला, आणि काय झालंय ते बघायला वाकलेल्या सुपरवायझरचा टाय बाहीला. तिघांना वेगळं करायला कात्री लागली. टाय महागाचा होता असं पुढे कळलं.

प्रत्येक वेळी मामा हात टेकायचा आणि लोक म्हणायचे, काय करणार, बिचारा. मुकादम मनातल्या मनात जळफळायचा. त्याला काम नको होतं असं मुळीच नाही. घरात तीस वर्षं लाडात काढलेल्या माणसाला काम किती हवं असतं ते त्यालाच ठाऊक. कसलं काम हवं, हेही त्याच्या डोक्यात पक्कं होतं. ते त्याला कोणी विचारलं नव्हतं असंही नाही. विचारलं होतं. उत्तर पुरं होईपर्यंत कोणी थांबलं नव्हतं, इतकंच.

आणि आता मामा पुन्हा पेढे मिळाल्यासारखं तोंड करून आला होता.

“पाकिटांच्या कारखान्यात बोलून आलोय,” तो म्हणाला. “सोमवारपासून जायचं. जुना सुपरवायझर गेला. नवा टायच लावत नाही.”

मुकादमाने “मला” एवढं म्हटलं. मामाने त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरला.

त्याच दुपारी सल्लागार बाई आल्या. अपंग माणसांना नोकरी मिळवून देणाऱ्या कचेरीत आईने मागे कधीतरी नाव घातलं होतं, आणि घातल्याचं विसरूनही गेली होती. बाई तरुण, खांद्याला भलीमोठी पिशवी, काखेत कागदाची गुंडाळी. दार उघडल्यावर त्या सरळ खुर्चीसमोर आल्या, खाली बसल्या आणि म्हणाल्या, “तुम्हाला काय काम करायला आवडेल?”

मुकादमाने मागे वळून बघितलं. त्याला आजवर कोणी तुम्ही म्हटलेलं नव्हतं. मागे फक्त फ्रिज होता.

“त्याला ना,” आई म्हणाली, “बसून करायचं काहीतरी—”

“मी त्यांना विचारलं,” बाई हसून म्हणाल्या. “मला घाई नाही.”

मुकादमाने “मला” म्हटलं. पुढचा शब्द जिन्याच्या वळणावर आला होता तेवढ्यात मामा आतून आला आणि बाईंना पाकिटांची सगळी हकिकत सांगू लागला. ती संपेपर्यंत मुकादमाचा शब्द परत वर गेला. बाईंनी ते बघितलं, मामाकडेही बघितलं आणि पिशवीतून डायरी काढली.

“आपण शनिवारी बैठक घेऊ,” त्या मुकादमाला म्हणाल्या. “कोणाला बोलवायचं ते तुम्ही ठरवा. शिकलेली, मोठी माणसं नकोत. तुम्हाला ओळखणारी हवीत. तुमच्याशी रोज बोलणारी. त्या बैठकीत काही ठरलं नाही, तर मग सोमवारी पाकिटं.”

मुकादमाने विचार केला. आई तर हवीच. मामाला नको म्हटलं तरी तो येणारच. टेलरकाका समोरच असतात. आणि रोज बोलणारं म्हणाल तर, त्याला हळूहळू उमगलं, रोज न चुकता त्याच्याशी बोलणारा माणूस जगात एकच होता.

“टें... पो... वा... ला,” तो म्हणाला.

आई चमकली. “तो? अरे, त्याच्याशी तर तुझं रोज भांडण होतं.”

“म्ह... णू... न... च,” मुकादम म्हणाला.

तर हे भांडण काय होतं ते सांगायला हवं. गल्ली पुढे बंद होती आणि बंद टोकाला फर्निचरचं दुकान. टेम्पोवाला रोज तिथे कपाटं घेऊन यायचा. गल्ली इतकी अरुंद की टेम्पो आत वळवायला जागाच नाही. नाक्यापासून दुकानापर्यंत सगळं अंतर उलटं यावं लागे. एका बाजूला विजेचा खांब, दुसऱ्या बाजूला टेलरकाकांची पाटी आणि शेवटी दुकानाची भिंत. हे सगळं मुकादमाच्या गॅलरीतून दिसायचं. टेम्पोवाल्याला दिसायचं नाही. मग मुकादम गप्प कसा बसणार?

फक्त घोडं अडायचं एकाच ठिकाणी. भिंत जवळ आली की “थांब” म्हणायचं, आणि मुकादमाला थांब म्हणायला वेळ लागायचा. “थां” निघायचा, पण निघाला की लांबतच जायचा. ओठ मिटून “ब” म्हणेपर्यंत टेम्पो भिंतीला टेकलेला असायचा. पहिले काही दिवस भिंतीचे फार हाल झाले. मग मुकादमाने यावर इलाज काढला. टेम्पो खांबापाशी असतानाच तो “थां” सुरू करायचा. “थां” गल्लीभर लांबत जायचा, टेलरकाकांची पाटी ओलांडायचा, आणि टेम्पो भिंतीपासून वीतभर राहिला की “ब” पडायचा. टेम्पोवाला “ब”ला ब्रेक मारायचा. मग खिडकीतून डोकं काढून ओरडायचा, “ए मुकादम, गाडी मी चालवतोय की तू?” मुकादम उत्तर द्यायला तोंड उघडायचा. ते उत्तर तयार होईपर्यंत कपाटं उतरून टेम्पो निघून गेलेला असायचा. असं वर्षानुवर्षं चाललं होतं. एकदा बदली ड्रायव्हर आला होता, त्या शहाण्याने “थां”लाच ब्रेक मारला आणि मधोमध थांबून राहिला. त्या दिवशी टेलरकाकांची गिऱ्हाइकं टेम्पोच्या टपावरून ये-जा करत होती.

शनिवार आला. बाईंनी भिंतीवर भलामोठा कागद चिकटवला, रंगीत पेनं काढली आणि सांगितलं की या पद्धतीत माणूस केंद्रस्थानी असतो. आईने ते फार मनावर घेतलं. तिने सोफा सरकवला, टीपॉय गॅलरीत टाकला आणि मुकादमाची खुर्ची खोलीच्या बरोब्बर मध्यावर, पंख्याखाली लावली. खोली ती केवढी. मध्ये खुर्ची आल्यावर स्वयंपाकघराची वाटच बंद झाली. आई चहा करून आली ती पलीकडेच अडकली. मग चहाचे कप मुकादमाच्या डोक्यावरून हातोहात अलीकडे आले. सगळ्यांना मिळाले, केंद्रस्थानी असलेल्या माणसाला तेवढा मिळाला नाही.

“यांच्याबद्दल चांगलं काय सांगाल?” बाईंनी विचारलं. “स्वभाव, आवड, हुशारी. काहीही.”

“फार गुणी,” आई पलीकडून म्हणाली.

“शांत,” टेलरकाका म्हणाले. कालच मुकादमाने त्यांना उलटा खिसा उसवायला लावला होता, तरी म्हणाले.

“सोशिक,” मामा म्हणाला. “कधी तक्रार म्हणून नाही.”

मुकादमाने छताकडे बघितलं. आपण मेलो की काय अशी त्याला शंका आली. असलं गोड लोक मेल्यावरच बोलतात. बाई कागदावर लिहीत होत्या, पण त्यांचाही चेहरा पडला होता. गुणी, शांत, सोशिक. अशा माणसाला पाकिटं चिकटवण्याखेरीज दुसरं काम तरी काय द्यायचं?

“आता यांना विचारू,” बाई म्हणाल्या. “एकच नियम. यांचं वाक्य कोणी पुरं करायचं नाही. कितीही वेळ लागो.”

मुकादमाने श्वास घेतला. “मला...”

खोलीत जी शांतता पसरली ती खोलीला नवीन होती. आईचे ओठ हलायला लागले. तिने ते दातांनी धरले. टेलरकाकांनी गळ्यातली टेप काढली आणि उगाचच स्वतःचं मनगट मोजलं.

“लो... कां... ना...”

मामा लाल झाला. त्याच्या तोंडात शब्दांची नुसती गर्दी झालेली दिसत होती. तो उठला, बसला, पाण्याचा पेला उचलला आणि बाईंची नजर बघून स्वतःच प्यायला.

“का... मा... ला...” पंखा फिरत होता. “ला... वा... य... चं... य.”

मला लोकांना कामाला लावायचंय. वाक्य पुरं झालं होतं, आणि ते मुकादमालाही खरं वाटेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या वाक्याचा शेवट त्याच्या स्वतःच्या मालकीचा होता.

मामाचा बांध फुटला. “घ्या. म्हणजे स्वतः काम करायला नको.”

टेलरकाका हसले, आईला पलीकडे हसू आवरेना, आणि खरं सांगायचं तर मुकादमालाही हसू आलं. पण त्याला बरंही वाटलं नाही. आयुष्याची इच्छा सांगितली आणि तिचा विनोद झाला. तेवढ्यात दार ढकलून टेम्पोवाला आत आला.

तो आला तोच तणतणत. त्याला निरोप एवढाच गेला होता की मुकादमाच्या घरी मुकादमाबद्दल बोलायला बोलावलंय. त्याची समजूत झाली की ही तक्रार ऐकून घेण्याची बैठक आहे, आणि तो तक्रार तयार करूनच आला होता. बाईंनी विचारलं, “यांच्याबद्दल काय सांगाल?” तर तो म्हणाला, “बसून सांगू की उभ्याने?”

बसायला जागा नव्हतीच.

“हा माणूस,” टेम्पोवाला म्हणाला, “अत्यंत भांडखोर आहे. कोणाला सुखाने काम करू देत नाही. मला गाडी चालवायला येते, तरी रोज मला शिकवतो. जरा डावीकडे गेलो की खेकसतो. मी ओरडलो तर हा दुप्पट ओरडतो. मी म्हणतो, मरू दे, ऐकून टाकावं.”

आई ताठ झाली. मामा बाह्या सरसावू लागला. मुकादम मात्र खुर्चीत सरळ झाला; अर्ध्या तासात पहिल्यांदाच खोलीत त्याच्याविषयी कोणी बोलत होतं.

“आणि मुख्य तक्रार पुढेच आहे,” टेम्पोवाला म्हणाला. “मागच्या आठवड्यात मी आलो, तर हा गॅलरीत नाही. मी ‘थां’ची वाट बघतोय. खांब गेला, पाटी गेली. ‘थां’ नाही, ‘ब’ नाही. गेलो तो थेट भिंतीत. मागचा दिवा फुटला आणि आरशाच्या कपाटाचा भुगा झाला. मालकाने मला उभा-आडवा झापला. का, तर हे साहेब जागेवर नाहीत.”

“ताप होता त्याला,” आई म्हणाली.

“असेल,” टेम्पोवाला म्हणाला. “माणूस आहे, ताप येणार. पण रजा घ्यायची तर आधी सांगून घ्यावी. कामाची काही पद्धत असते.”

बाईंचं पेन कागदापासून बोटभर अंतरावर थांबलं होतं.

“म्हणजे,” त्या सावकाश म्हणाल्या, “हे नसले तर तुमचं काम अडतं?”

टेम्पोवाल्याने या बाजूने विचार केला नव्हता. तो तक्रार करायला आला होता आणि तिचा रोख असा अचानक फिरल्यावर गडबडून गेला. “अडतं म्हणजे,” तो म्हणाला, “आता सवय झालीय ना. तिकडे आमच्या मोठ्या गोदामात दिवसभर ट्रक उलटे लागतात. मागे उभा राहायला एक माणूस ठेवला होता, तो मोबाइलमध्ये बघत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणायचा. ट्रक ऑफिसात घुसला तरी येऊ द्याच. त्याला काढला. त्या जागेवर आता कोणीच नाही.”

बाईंनी कागदावरचं गुणी, शांत आणि सोशिक खोडलं. त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: भांडखोर. जागेवर नसला तर नुकसान. मुकादमाला तो कागद इतका आवडला की बैठक संपल्यावर त्याने तो काढूच दिला नाही.

त्याच संध्याकाळी गोदामाच्या मॅनेजरसमोर सगळी वरात उभी राहिली. मॅनेजर बारीक, चिंतातुर माणूस. दिवसभर कपाटं फुटल्याचे आवाज ऐकून खांदे कायमचे वर गेलेले. त्याने सगळी हकिकत ऐकून घेतली, मुकादमाकडे बघितलं, मग बाईंकडे.

“बाई, माझी काही हरकत नाही,” तो म्हणाला. “पण इथे वेगवेगळे ड्रायव्हर येतात. यांचा तो लांबलचक थांब सगळ्यांना कोण शिकवणार? आणि हातवारे करायचे म्हटलं तर—” इथे मुकादमाच्या उजव्या हाताने आपल्या मर्जीने झेप घेतली आणि मॅनेजरचं पेन उडवलं.

“आवाजाचं बघू आपण,” बाई म्हणाल्या. “कुठला अवयव तुमचं ऐकतो?” त्यांनी मुकादमाला विचारलं.

“डा... वं... को... प... र,” मुकादम म्हणाला, आणि सगळे थांबले. आता त्यांना तेवढी शिस्त लागली होती.

डाव्या कोपराचं ऐकून टेम्पोवाल्याचे डोळे चमकले. त्याच्या टेम्पोत फळीखाली रबरी फुगा दाबून वाजवायचा जुना भोंगा पडलेला होता. टेलरकाकांनी जीनच्या कापडाचा पट्टा दुकानात जाऊन शिवून आणला आणि भोंगा खुर्चीच्या डाव्या हातावर, कोपराखाली पक्का बांधला. एकदा लांब म्हणजे थांब. दोनदा तोकडा म्हणजे ये.

“चला, ट्रक आणा,” मॅनेजर म्हणाला.

ट्रक येईपर्यंत मुकादमाचा धीर सुटत चालला. डावं कोपर ऐकायचं खरं, पण मालक घाबरलेला असला की तेही बिथरायचं. ट्रक अजून फाटकाबाहेरच होता आणि कोपर एकदम दाबलं गेलं. भोंऽऽऽ.

अख्खं आवार जागच्या जागी थांबलं. माल उचलणारी गाडी कपाट अधांतरी धरून थांबली. चार हमाल सोफा खांद्यावर घेऊन थांबले. ऑफिसातला कारकून चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबला. पार कोपऱ्यात पत्ते खेळणारे दोघे पत्ते टाकून उभे राहिले. ते तिथे असतात हे मॅनेजरला आजच कळलं.

मामाने कपाळाला हात लावला. बाईंनी डोळे मिटले. मुकादमाला वाटलं, झालं. गेलं हेही. आता सोमवारी पाकिटं.

मॅनेजर मात्र आवाराकडे बघत राहिला होता. त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

“इतकी वर्षं मी घसा फोडतोय,” तो म्हणाला, “एकदाही सगळे एकदम थांबले नाहीत.” मग तो मुकादमाकडे वळला. “पंधरा दिवस बघू. सोमवारी येता?”

“सोमवारी पाकिटं आहेत,” मामा घाईघाईने म्हणाला. “मी शब्द दिलाय.”

“पाकिटं तू चिकटव,” आई म्हणाली. आवाज चढवला नाही, काही नाही. मामा तिच्याकडे बघतच राहिला. तिने त्याला उलट उत्तर दिल्याचं त्याच्या आठवणीत नव्हतं.

सोमवारी मुकादम इस्त्रीचा शर्ट घालून आवारात हजर झाला. आई आणि मामा फाटकापाशी उभे राहिले. जायला सांगितलं तरी जाईनात. सकाळभर ट्रक आले, लागले, गेले. भोंगा वाजला की चाकं थांबायची, वाजला की हलायची. एक दांडगा ड्रायव्हर नवीन होता, त्याने आधी दुर्लक्ष केलं. मुकादमाने एवढा लांब भोंगा वाजवला की तो खाली उतरून माफी मागून गेला. पत्ते खेळणारे दोघे दुपारपर्यंत सोफे उचलत होते.

दुपारी टेम्पोवाला आला. मुकादमाने दोन तोकडे भोंगे दिले आणि टेम्पो उलटा येऊ लागला. माल उतरवायच्या फलाटापासून वीतभर अंतर राहिल्यावर लांब भोंगा वाजला. टेम्पो थांबला. टेम्पोवाल्याने सवयीने खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडायला तोंड उघडलं.

पण मुकादम बोलायला लागला होता.

“तु... झ्या...”

मागे एक ट्रक येऊन थांबला आणि हॉर्न वाजवू लागला. फाटकापाशी मामाच्या तोंडात शब्द आला. ‘तुझ्या टेम्पोत’ असेल, ‘तुझ्यामुळे’ असेल, काहीही असेल, मदत करायलाच हवी होती. आईने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचे डोळे पाण्याने भरले.

इतकी वर्षं टेम्पोवाला त्या गल्लीत रोज यायचा आणि मुकादमाच्या उत्तराचा पहिला शब्द निघायच्या आत निघून जायचा. त्याने कधी एक उत्तर पुरं ऐकलं नव्हतं. आज त्याने मुकादमाच्या चेहऱ्याकडे बघितलं, हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं.

“श... र्टा... ची...”

मागच्या ट्रकवाल्याने पुन्हा हॉर्न दाबला. टेम्पोवाल्याने मान वळवली.

“दम धर जरा,” तो म्हणाला. “मुकादम बोलतायत.”

मागच्या ट्रकवाल्यानेही इंजिन बंद केलं, आणि आवारात इंजिनाचा आवाज उरला नाही. मुकादमाला त्या शांततेची जरा भीती वाटली, आणि मग फार म्हणजे फार आनंद झाला. घाई करायचं काही कारणच उरलं नव्हतं. त्याने मनाजोगता श्वास घेतला आणि एकेक शब्द जिन्यावरून सांभाळून, कुठेही न आपटता, खाली आणला.

“ब... ट... णं... चु... क... ली... त.”

टेम्पोवाल्याने खाली बघितलं. खरंच चुकली होती. एक बाजू वर, एक बाजू खाली, सकाळपासून तसाच गावभर हिंडला होता. त्याने निमूटपणे सगळी बटणं सोडली आणि पहिल्यापासून नीट लावून घेतली. शेवटचं बटण लागेपर्यंत मुकादम थांबला. मग त्याने कोपर दोनदा दाबलं, आणि मागच्या ट्रकला आत घेतलं.